प्रॉम्प्टच्या आत प्रॉम्प्ट उघडला म्हणून कमांड हरवत नाहीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या तंत्रज्ञानाच्या पुरवणीत मागे जुन्या टेक्स्ट एडिटरांवर एक लेख आला होता, त्यात असं म्हटलं होतं की ईमॅक्स, विम वगैरेंमध्ये एक कमांड अर्धी असताना मधेच दुसरा प्रॉम्प्ट (म्हणजे उत्तर मागणारी ओळ) उघडतो आणि मग आधी टाइप केलेलं सगळं गायब होतं, त्यामुळे नवीन मुलांनी त्यांच्या नादी लागू नये. हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. मी जुन्या मराठी पुस्तकांचा मजकूर जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणते आणि साफ करून अप्पा बळवंत चौकातल्या प्रकाशकांना देते, दिवसभर ईमॅक्समध्येच असते, आणि प्रॉम्प्टच्या आत प्रॉम्प्ट ही गोष्ट माझ्या रोजच्या कामातली आहे. गायब काही होत नाही. काय कुठे जमा होतं आणि कधी जमा होतं हे माहीत असावं लागतं, बस.

ज्यांनी ईमॅक्स पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. स्क्रीनच्या अगदी खाली एक ओळ असते, तिला मिनिबफर म्हणतात. फाइल उघडायची, शब्द बदलायचा, काहीही करायचं तर प्रश्न तिथे येतो आणि उत्तर तिथेच टाइप करायचं. आल्ट-पी दाबलं की आधी दिलेली उत्तरं एकेक करून मागे मागे दिसतात, आल्ट-एन दाबलं की पुढे. पण ही एकच मोठी यादी नसते! फाइलच्या नावांची वेगळी, आल्ट-एक्स दाबून नावाने चालवायच्या कमांडची वेगळी, शोधून बदलायच्या शब्दांची वेगळी, अशा कितीतरी याद्या असतात, यांनाच हिस्टरी म्हणतात, आणि प्रत्येकीत शेवटची 100 उत्तरं राहतात (हा आकडा सेटिंगमधून वाढवता येतो). कुठल्या प्रश्नाला कुठली यादी हे ती कमांड ठरवते.

आता माझ्या कामातलं उदाहरण घ्या. 'आचार्यांना' म्हणजे गुरुजींना आणि 'आचाऱ्यांना' म्हणजे स्वयंपाक्यांना, हा फरक आपल्याकडे शाळेतच कळतो. पण तो अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो, एक म्हणजे साधा र, हलंत आणि पुढे न दिसणारा जोडक म्हणजे झिरो विड्थ जॉइनर, आणि दुसरा म्हणजे खाली नुक्ता असलेला ऱ आणि हलंत. बऱ्याच फॉन्टमध्ये दोन्ही पडद्यावर डिट्टो सारखेच दिसतात, आणि सर्च करायला गेलं की एक सापडतो, दुसरा सुटतो. म्हणून मी पहिला प्रकार शोधून सगळीकडे दुसरा करते. त्यासाठी आल्ट आणि टक्क्याचं चिन्ह दाबलं की खाली विचारतं, काय बदलायचं? मी र टाइप करते, हलंत टाइप करते, आणि आता तो न दिसणारा जोडक हवा, जो की माझ्या कीबोर्डवर नाहीच. मग तिथल्या तिथेच कंट्रोल-एक्स, 8, एंटर. पहिला प्रश्न तसाच अर्धवट राहतो आणि त्याच ओळीत दुसरा प्रश्न येतो की कुठलं अक्षर घालू. 200डी (हा त्या जोडकाचा युनिकोड क्रमांक) टाइप करून एंटर मारला की आतला प्रश्न मिटतो, जोडक बाहेरच्या अर्ध्या उत्तरात जाऊन बसतो, आणि र अन् हलंत जिथल्या तिथे असतात.

यात हिस्टरीचं काय झालं? 200डी हे उत्तर त्याच क्षणी, आतला एंटर दाबल्या दाबल्या, एका वेगळ्या यादीत गेलं. बाहेरच्या प्रश्नाचं उत्तर मात्र अजून कुठेच गेलेलं नाही, ते मी बाहेरचा एंटर दाबेन तेव्हा जाईल. म्हणजे सुरुवात आधी बाहेरच्याची झाली पण नोंद आधी आतल्याची होते. आणि आता जर माझा विचार बदलला आणि मी कंट्रोल-जी दाबून बाहेरचा प्रश्न सोडून दिला तर त्याची नोंद होतच नाही, आतल्याची मात्र राहते. लेखकांना जे 'गायब' वाटलं ते बहुतेक हेच असणार. सोडून दिलेलं उत्तर ईमॅक्स हिस्टरीत घालत नाही, मग आत दुसरा प्रॉम्प्ट उघडलेला असो नाहीतर नसो. लांबलचक काहीतरी टाइप झालंय आणि सोडायचंय पण फेकायचं नाहीये, तर आधी कंट्रोल-ए आणि कंट्रोल-के करून ती ओळ कापून घ्या आणि मग कंट्रोल-जी, नंतर कंट्रोल-वायने ती कुठेही परत चिकटवता येते. एवढी एक सवय लागली तरी निम्मी तक्रार संपेल.

अक्षर घालायची ही कमांड खास आहे, ती स्वतःपुरती परवानगी घेऊन येते. बाकी बहुतेक कमांड प्रॉम्प्टच्या आत चालवायला गेलं तर ईमॅक्स मुळात नाहीच म्हणतो, मिनिबफरमध्ये असताना परत मिनिबफर वापरताय असा मेसेज देतो आणि थांबतो. एनेबल-रिकर्सिव्ह-मिनिबफर्स नावाचं सेटिंग आहे, ते सुरुवातीला बंद असतं. नवख्या माणसासाठी ते बंद असणं मला बरोबरच वाटतं, कारण आपण किती आत गेलोय हे कळलं नाही तर माणूस घाबरतो. पण ज्याला दिवसभर मजकुरात काम करायचंय त्याने ते चालू करावं, आणि सोबत मिनिबफर-डेप्थ-इंडिकेट-मोड पण चालू करावा, म्हणजे आतल्या प्रॉम्प्टच्या आधी चौकटी कंसात 2, 3 असा आकडा दिसतो. हा आकडा फार कामाचा आहे. माझ्याकडे काम शिकायला येणाऱ्या मुली जिथून टायपिंगचा कोर्स करून येतात तिथे त्यांना सांगितलेलं असतं की खाली असा काही आकडा दिसला तर प्रोग्रॅम अडकलाय असं समजा आणि खिडकी बंद करून परत उघडा. मला याचा खरंच राग येतो, कारण खिडकी बंद केली की हिस्टरी खरोखर जाते! सेव्हहिस्ट-मोड, म्हणजे या याद्या फाइलमध्ये जपून ठेवणारी सोय, चालू नसेल तर ईमॅक्स बंद झाल्यावर यातली एकही यादी उरत नाही, आणि हा मोडही आपणहून चालू नसतो, करावा लागतो. म्हणजे ज्याची भीती घातली ते घडवून आणायचा उपायच शिकवला जातो. त्यांना एवढंच सांगायला हवं की कंट्रोल-जीने एक पायरी बाहेर येता येतं.

दोन्ही प्रश्नांची यादी एकच असेल तेव्हा मात्र गुंता होतो, हे मान्य करायला हवं. समजा आल्ट-एक्सच्या प्रॉम्प्टमध्ये आहात, आल्ट-पीने तीन कमांड मागे गेलात, आणि तिथेच परत आल्ट-एक्स करून आत एक नवी कमांड चालवली. ती नवी कमांड त्याच यादीच्या डोक्यावर जाऊन बसते आणि बाकी सगळ्या एकेक घर खाली सरकतात. बाहेरच्या प्रॉम्प्टला आपण तिसऱ्या घरावर होतो एवढंच लक्षात असतं, त्यामुळे परत आल्यावर आल्ट-पी दाबलं की चौथ्या घरातली कमांड दिसते, जी आता मघाचीच आहे. बघणाऱ्याला वाटतं की कळ दाबलीच गेली नाही, पण अजून एकदा दाबली की पुढची येते. यात बिघडलं काही नाही, पण कुणी सांगितलं नसेल तर बावरायला होतं हे खरं.

हे बनवणाऱ्यांनी या गोष्टीचा विचारच केला नाही असंही लेखातून वाटतं, ते तर अजिबात बरोबर नाही. कंट्रोल-एक्स आणि मग दोनदा एस्केप दाबलं की ईमॅक्स तुमची आधीची अख्खी कमांड तिच्या उत्तरांसकट लिस्पमध्ये (ही ईमॅक्सची प्रोग्रॅमिंगची भाषा) लिहून समोर ठेवतो आणि ती दुरुस्त करून परत चालवता येते. अशा कमांडची जी यादी राहते तिच्यात साध्या ओळी नसतात, लिस्पच्या एक्स्प्रेशन असतात. मग त्याच्या आत अजून एखादा साधा प्रॉम्प्ट उघडला तर? त्यासाठी ईमॅक्स एक आकडा जपून ठेवतो, कितव्या पातळीवर लिस्प दाखवायचंय त्याचा, आणि त्याच पातळीवर ते दाखवतो, बाकी पातळ्यांवर साधा मजकूर. जीएनयू ईमॅक्स 1985 पासून लोकांच्या हातात आहे, असल्या कोपऱ्यातल्या अडचणी कुणाकुणाला आल्या आणि त्यांनी त्या निस्तरून ठेवल्या, त्याचं श्रेय द्यायला पाहिजे.

विमबद्दल थोडंच लिहिते कारण ते मी कमी वापरते. त्यातही याद्या वेगळ्याच आहेत, कोलन दाबून लिहायच्या कमांडची एक, सर्चची एक, एक्स्प्रेशनची एक, अजून दोन आहेत. कोलनची ओळ लिहिता लिहिता कंट्रोल-आर आणि बरोबरचं चिन्ह दाबलं की आत हिशोबाचा प्रॉम्प्ट उघडतो, तिथे 24*7 टाकलं तर बाहेरच्या ओळीत 168 येतं. कोलनच्या हिस्टरीत मग 168 च दिसणार, 24*7 एक्स्प्रेशनच्या यादीत. आणि कोलन-क्यू (बाहेर पडायची कमांड) ऐवजी घाईत क्यू-कोलन दाबलं गेलं की जुन्या कमांडची जी खिडकी उघडते, जिला बघून मुलं दचकतात, ती म्हणजे ही हिस्टरीच आहे. त्यातली कुठलीही ओळ दुरुस्त करून एंटर मारा, ती चालते. दुसऱ्या ओळींमध्ये केलेले बदल मात्र खिडकी मिटताच जातात, आणि त्या खिडकीच्या आत तशीच दुसरी खिडकी विम उघडू देत नाही. विम ही हिस्टरी फाइलमध्ये ठेवतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी पण मिळते, या बाबतीत ते ईमॅक्सपेक्षा सरस आहे असं माझं मत आहे.

तेव्हा माझी विनंती अशी की पुरवणीत या विषयावर अजून एक लेख छापा, पण तो अशा कुणाकडून लिहून घ्या जो रोज हे वापरतो, पुण्यात अशी माणसं भरपूर आहेत. त्यात निदान सेव्हहिस्ट-मोड, आपण किती आत आहोत ते दाखवणारा आकडा आणि कंट्रोल-जी या तीन गोष्टी स्क्रीनच्या फोटोसकट याव्यात. जागा कमी असेल तर आधी सेव्हहिस्ट-मोड छापा, कारण बाकी दोन माहीत नसले तर माणूस फक्त गोंधळतो, हा माहीत नसला तर त्याचं काम जातं.

आपली,
एक वाचक
नारायण पेठ, पुणे