धक्क्यावरच्या सुरक्षा अधिकाऱ्याचे प्रशिक्षण

महोदय,

बंदर सुरक्षेचा विषय निघाला की चर्चा कॅमेरे आणि कुंपणापाशीच अडते. जुलै २००४ पासून लागू असलेल्या आयएसपीएस या जहाजे व बंदरांच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार बंदराला प्रशिक्षित सुरक्षा अधिकारी नेमावाच लागतो. मात्र जहाजावरच्या सुरक्षा अधिकाऱ्याला एसटीसीडब्ल्यू या नाविकांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार प्रावीण्य प्रमाणपत्र सक्तीचे आहे, तशी सक्ती धक्क्यावरच्या अधिकाऱ्याला त्या करारात नाही. हा फरक खटकतो.

प्रमाणपत्र मिळाले तरी खरी गफलत पुढेच होते. संहितेच्या मार्गदर्शनानुसार दर तीन महिन्यांनी कवायत आणि दरवर्षी मोठा सराव हवा. दोन सरावांत १८ महिन्यांहून जास्त अंतर नको. कवायत अनेकदा दिवसपाळीत, मुख्य फाटकावर, तीच बेवारस बॅग ठेवून उरकली जाते. रात्रपाळीचा कंत्राटी रखवालदार त्यात नसतोच. जहाज दुसऱ्या, म्हणजे अधिक सतर्कतेच्या सुरक्षा स्तरावर आणि बंदर पहिल्यावर असेल, तर जहाजाला बंदराकडे ‘सुरक्षा घोषणापत्र’ मागता येते. गँगवेवर (जहाजावर चढण्याच्या शिडीवर) कोण, पाण्याकडच्या बाजूला कोण, हे त्यात लिहून दोघांनी सही करायची असते. हा कागद भरण्याचा सराव पाळी बदलतानाच घ्यावा. सरावात सापडलेल्या उणिवा नोंदवहीत लिहाव्यात. ‘सराव यशस्वी’ एवढ्या शेऱ्यावर तपासनिसाने सही करू नये.

– एक वाचक, उरण