शनिवारवाडा ते मंडई : तीन तासांचे आभार

प्रिय ताई,
स. न. वि. वि.

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं ताई. आम्हा सहाजणांतले दोघे स्वतः गडांवर माणसं घेऊन जातात, त्यामुळे पत्रात थोडी शहाणपत डोकावेल. सांभाळून घ्या.

जुन्या पुण्यातून पायी हिंडवत तुम्ही वाडे दाखवलेत, त्याचे हे आभार. पहिले वेळेचे. वाडा उघडायच्या आधीच दिल्ली दरवाज्यासमोर बोलावलंत. दार मिटलेलं असतानाच खिळे समोरून दिसतात. उघडलं की कवाडं आत वळतात आणि लोक तिकीट काढून थेट बागेत शिरतात. एका कवाडावर ७२ खिळे, आठ-आठच्या नऊ रांगा. ‘धडक मारणाऱ्या हत्तीचं कपाळ कुठवर येईल?’ एवढंच विचारलंत आणि गप्प राहिलात. मग तट दाखवलात, खाली घडीव दगड आणि वर विटा. छत्रपतींच्या साताऱ्याहून आक्षेप आला म्हणून दगडी काम थांबलं ही गोष्टही सांगितलीत, पण शेवटी ‘असं म्हणतात’ जोडून. कागदोपत्री असलेलं, ऐकीव आणि मागाहून बांधलेलं, असे तीन कप्पे तुम्ही शेवटपर्यंत मिसळू दिले नाहीत. खरे आभार त्याचे आहेत.

तारखांचंच बघा. पायाभरणी १० जानेवारी १७३०, वास्तुशांत २२ जानेवारी १७३२, दोन्ही शनिवारी, म्हणून शनिवारवाडा. आमच्यातल्या एकाने लगेच फोनवर वार काढला तर मंगळवार! बहुतेक ठिकाणी इथे विषय हसण्यावारी जातो. तुम्ही थांबून सांगितलंत की या तारखा जुन्या ज्युलियन पद्धतीच्या आहेत आणि आजच्या कॅलेंडरच्या त्या ११ दिवस मागे पडतात. ११ मिळवून २१ जानेवारी पाहिला, तर शनिवार निघाला. दुसरी तारीखही तशीच जुळली.

‘आत काय, नुसती जोती आहेत’ ही तक्रार जुनीच. २७ फेब्रुवारी १८२८ च्या आगीनंतर लाकूडकाम उरणार तरी कसं? पण रिकाम्या जोत्यांवरून वाडा वाचायला शिकवायचा असेल, तर आधी उभा वाडा दाखवायला हवा. तो क्रम तुम्हाला उलटा ठेवावा लागला, कारण अजून उभा असलेला विश्रामबागवाडा वाटेत पुढे येतो. एवढी एकच सूचना : कसबा पेठेतला जो छोटा वाडा तुम्ही नंतर दाखवलात, तो सगळ्यांत आधी घ्या.

कारण त्या वाड्याच्या चौकात जे दाखवलंत ते पुस्तकात सापडत नाही. लाकडी खांब जमिनीत पुरलेला नसतो, तो तळखड्यावर उभा असतो. दगडाच्या त्या बैठकीमुळे ओल आणि वाळवी खांबाच्या बुडापर्यंत सहज पोचत नाही. मग कुणीतरी हौसेने फरशी बसवतं, जमीन चार बोटं वर येते, तळखडा गाडला जातो. चौक धुतला की पाणी थेट लाकडाला लागतं आणि खांब खालून कुजत जातो. खांबाच्या माथ्यावर कोरलेलं सुंदर केळफूल मात्र जसंच्या तसं. एका खांबाच्या बुडाशी तुम्ही नखाने टोचून दाखवलंत, भुसा हातात आला. विश्रामबागवाड्यातल्या सुरूच्या झाडासारख्या कोरलेल्या खांबांपाशी आम्ही सगळ्यांनी आधी खाली पाहिलं, मग वर.

लाल महालापाशी पाचच मिनिटं थांबलात, ते बरं केलंत. शाएस्तेखानावरचा ५ एप्रिल १६६३ चा छापा खरा, आजची इमारत महापालिकेने विसाव्या शतकात बांधलेली. हे आत शिरण्याआधी सांगितलंत. भिडेवाड्याचंही तेच. फुले दांपत्याची १८४८ ची मुलींची शाळा जिथे भरली तो वाडा डिसेंबर २०२३ मध्ये पाडला, हे सांगताना आवाज चढवला नाहीत.

तांबट आळीत फोटोआधी परवानगी घेतलीत आणि ठोके चालू असताना प्रश्न विचारू दिले नाहीत. कारागीर प्रत्येक ठोक्यागणिक भांडं किंचित फिरवतो. लय तुटली की मठाराची, म्हणजे हातोडीच्या ठशांची, ओळ वाकडी जाते. ते ठसे नुसत्या नक्षीसाठी असतात असा आमचा समज होता. ठोक्यांनी तांबं दबून कडक होतं, म्हणून पातळ पत्र्याचा हंडाही सहज चेपत नाही, हे तिथे कळलं. जेमतेम तीन किलोमीटरच्या वाटेत चालताना तुम्ही बोलत नव्हतात, सावली नाहीतर कट्टा बघून थांबायचं आणि मगच तोंड उघडायचं. दुचाक्यांच्या गर्दीत दुसरा उपायही नाही.

नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून आणलेल्या पाण्याबद्दल मात्र अजून ऐकायचंय. नळाच्या वाटेवर हवा सुटायला उच्छ्वास ठेवले आणि गाळ बसायला जागोजाग हौद, इथवर आलात आणि मंडई आली. तिथे १८८६ च्या अष्टकोनी मनोऱ्याखाली, नगरपालिकेत मंडई बांधायच्या खर्चाला विरोध करणाऱ्या जोतिराव फुल्यांचंच नाव तिला कसं मिळालं हे ऐकताना पाणी राहून गेलं.

तुमच्या त्या शनिवारवाड्याच्या नकाशाचं प्लॅस्टिक कडेने सुटलंय. सोबत दोन नव्या प्रती पाठवतो आहोत. मोठ्या अक्षरांत काढल्यात, म्हणजे मागे उभ्या असलेल्यालाही हजारी कारंजं कुठे ते दिसेल. हौदांसाठी पुढचा रविवार चालेल का?

आपले,
सहा पायपीटकर