भिंतीवरच्या खुणा तेवढ्या राहू द्या

कोल्हापूर, 28 जून

ती. आई आणि बाबांना सा. न.

फोनवर बाबांना निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेल्या निम्म्यात आई मध्येच बोलते, म्हणून लिहिते. आईनं मोठ्यानं वाचून दाखवावं. मी बरी आहे. भडंग संपलंय.

बाबा, मी नकाशे करायच्या इंटर्नशिपला लागले तेव्हा तुम्ही म्हणाला होता, "एवढं शिकून शेवटी तलाठ्याचंच काम करायचं व्हय?" मला राग आला होता. पण पहिले पंधरा दिवस खरंच तेच केलं. जुन्या गावनकाशाचं स्कॅन घ्यायचं, त्यातला तिठा, देऊळ, विहीर उपग्रहाच्या चित्रातल्या तिठ्यावर, देवळावर, विहिरीवर नेऊन बसवायची आणि मग जमिनीचा एकेक गट माऊसनं गिरवत सुटायचं. रात्री भाकरी मोडताना मनगट दुखायचं. त्यातच एकदा अक्षांश-रेखांश उलटे भरले. कोल्हापूर साधारण 16.7 अक्षांश आणि 74.2 रेखांशावर आहे. सॉफ्टवेअरला आधी रेखांश लागतो, मी अक्षांश दिला. सगळे ठिपके गायब! शोधते तर आख्खी शुक्रवार पेठ नॉर्वेच्याही वर, थंडगार समुद्रात. सर म्हणाले, "बरं झालं, तिथं पंचगंगेचा पूर येत नाही."

आता काम पुराचंच आहे. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांना आलं की इशारा आणि 43 फुटांना धोका, हे इथं पोरासोरांनाही पाठ आहे. पण बंधाऱ्यावर अमुक फूट झालं म्हणजे कुठल्या गल्लीत कुठल्या पायरीपर्यंत पाणी, हे ज्याच्या त्याच्या भिंतीला माहीत. म्हणून आम्ही दोघी-तिघी टेप आणि मोबाईल घेऊन सुतारमळा, शाहूपुरीची कुंभार गल्ली असं फिरतोय. कुंभार गल्ली नदीपासून किती लांब! तरी तिथं पाणी येतं, कारण नदी फुगली की जयंती नाल्याचं पाणी पुढं जात नाही, उलटं मागं सरकतं आणि शहराच्या पोटात शिरतं. नेमके हे गणपतीच्या मूर्तींचे दिवस. एका कारखान्यात मूर्ती ठेवायच्या फळ्याच 2021 च्या पुराच्या रेघेच्या वर ठोकल्यात. त्या फळीची उंची मी टेपानं मोजली आणि वहीत लिहून घेतली.

एका घरात मात्र मावशींनी दारातच अडवलं. "पूररेषा मारायला आलाय न्हवं? मारा. उद्या वरचा मजला चढवायला परवानगी मागितली की दाखवा आमाला ती रेघ." आमचा सरकारी रेषेशी संबंध नाही, हे सांगून काय उपयोग? निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, हे मला परीक्षेपुरतं पाठ होतं. त्या दिवशी ऑफिसात येऊन हिशोब केला. दहा हजारास एक प्रमाणाच्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर दहा मीटर. माझा हात केसभर हलला तर कुणाचंतरी आख्खं घर रेषेच्या या नाहीतर त्या बाजूला. चहा घ्यायला उठलेच नाही.

बाबा, आता तुमच्या कामाचं. तुम्ही आयुष्यभर पाटकरी होता. खोऱ्यानं मातीची एक खेप इकडची तिकडं केली की पाणी कुठल्या सरीला वळणार, हे तुम्हाला बांधावरून दिसायचं. आमच्याकडं उंचीचा जो फुकटचा नकाशा असतो, त्यात तीस मीटरचा एक चौकोन, म्हणजे जवळपास नऊ गुंठे, आणि त्या सगळ्याला मिळून उंचीचा एकच आकडा, तोही पूर्ण मीटरात. आपल्या ओढ्याकडच्या वीस गुंठ्यांना दोन-सव्वादोन आकडे! आणि इथं 2019 चा पूर 55 फूट 7 इंचांवर थांबला आणि 2021 चा 56 च्या वर गेला. तेवढ्या इंचांनी कित्येक घरांत पाणी आलं, ते या नकाशाला कळतच नाही.

दुसरी गंमत. पावसाळ्यात साध्या उपग्रहाला नुसते ढग दिसतात, म्हणून रडारवाल्या उपग्रहाचं, सेंटिनेल-1 चं चित्र वापरतात. त्याच्या लहरी ढगातून आरपार येतात. संथ पाणी त्या लहरी दुसरीकडंच फेकतं, म्हणून पाणी काळं दिसतं. काळं तेवढा पूर, असा सोपा हिशोब. 2019 चं चित्र उघडलं आणि मी आधी आपलं गाव शोधलं, कोण नाही शोधत? तर ओढ्याकडचं आपलं वावर उजळ. म्हणजे कोरडं! मी म्हटलं, सर, हे चूक आहे. तिथं कमरेभर पाणी होतं, बाबा काठी टेकत बांधापर्यंत जाऊन आले होते. वर ऊस उभा होता, आडसाली, डोक्याच्या वर गेलेला. सर जरा वेळ बघत बसले. लहर उसाच्या पाल्यावरूनच माघारी फिरते, नाहीतर पाण्यावरून कांड्यांवर आपटून परत येते. दोन्हीकडून चित्रात उजेडच. शिरोळ तालुक्यात नदीकाठी उसाशिवाय आहे काय? आता आम्ही उसाची वावरं वेगळी काढून गावागावांतल्या खुणांशी ताडून बघतोय. सरांनी बैठकीत माझं नाव घेतलं. मला मात्र तुमची ती काठीच आठवत होती.

म्हणून काम सांगते. सोप्यात मेढीच्या खांबावर तुम्ही दर पुराला खिळा ठोकलाय ना, 2005, 2019 आणि 2021 चा, त्यांची उंची मोजून पाठवा. उंबऱ्यापासून नको, उंबरा आपण मध्ये उचलून घेतलाय. खालच्या जुन्या जोत्याच्या दगडापासून मोजा. आईचा शिलाईचा टेप चालेल, फक्त इंचाची बाजू धरा आणि दोनदा मोजा. गोठ्याच्या भिंतीवरची गाळाची रेघ अजून दिसत असेल तर तीही.

आणि आई, गणपतीच्या आधी रंग काढायचा म्हणत होतीस. काढ, पण तेवढी मेढ आणि गोठ्याची ती भिंत सोडून. मी 12 तारखेला येते, मग तुला हवं तर मीच रंगवून देईन.

तुमची,
स्वाती