खोकी कुठे आहेत, मंत्रिमहोदय?

मा. मंत्रिमहोदय,
संस्कृती आणि ग्रंथालये, इंग्लंड

स.न.वि.वि.

पत्रास कारण की, आमच्या गावच्या लायब्ररीतली स्थानिक इतिहासाची खोली गेल्या महिन्यात रिकामी करण्यात आली. गाव पूर्व लँकाशायरमधलं, एके काळी कापड विणणारं. नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की हे एका गावाचं रडगाणं ठरतं आणि हात झटकायला सोपं जातं.

वर्तमानपत्रांच्या मायक्रोफिल्म, घरपट्टीच्या वह्या, ऑर्डनन्स सर्व्हेचे मोठे नकाशे, गिरण्यांचे फोटो, शाळांची रजिस्टरं, सगळं खोक्यांत भरून एका गोदामात गेलं. गोदाम कुठे, हे सांगत नाहीत. टाऊन हॉलमधल्या भरसभेत कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या पालिकेच्या, एका जबाबदार व्यक्तीने उभं राहून शब्द दिला होता की संग्रह गावाबाहेर जाणार नाही. टाळ्याही घेतल्या होत्या. आता विचारलं तर उत्तर येतं, ‘भविष्यातील उपलब्धतेचे पर्याय तपासले जात आहेत.’ खोलीत म्हणे ‘वेलबीइंग हब’ होणार आहे. आमचं वेल-बीइंग त्याच खोलीत होतं, हे त्यांना कोण सांगणार?

आपल्याला मराठीत का लिहिते आहे, असं वाटेल. कौन्सिलच्या प्रत्येक पत्राखाली छापलेलं असतं की ही माहिती इतर भाषांतही मिळेल. त्या यादीत मराठी नाही. इंग्रजीत लिहून पाहिलं, पोच मिळते. मराठीत लिहिलं तर निदान कुणाला तरी समोर बसून ते वाचून घ्यावं लागेल.

मी या गावात आले ती पाच वर्षांची असताना, १९६६ साली. बाबा खामगावचे, मुंबईत डॉक्टर झालेले. तुमच्या आरोग्यसेवेला डॉक्टर कमी पडत होते आणि इंग्रज डॉक्टर अशा धुरकट गावांत यायला राजी नव्हते, म्हणून आमची वर्णी लागली. घर दगडी चाळीतलं, म्हणजे रांगेतलं. एका टोकाला उभं राहिलं की दुसऱ्या टोकापर्यंत धुराडी मोजता यायची. मोजता मोजता ती कमी होत गेली. त्या वर्षांत लँकाशायरमध्ये आठवड्याला जवळपास एक गिरणी बंद पडत होती. १९१२च्या सुमारास जो प्रदेश वर्षाला ८०० कोटी वार कापड काढत होता, तिथे आम्ही मुलं बंद गिरण्यांच्या काचा दगडांनी फोडत फिरायचो. पोलीससुद्धा फारसं रागवायचा नाही.

शेजारच्या आजी चाळीस वर्षं विणकरीण होत्या. मागांच्या खडखडाटात कान गेलेले. त्या खात्यातल्या सगळ्या बायका ओठांनी बोलायच्या, तोंड मोठं करून, एकेक अक्षर चेहऱ्यावर काढून. गिरणी सुटली तरी सवय सुटली नव्हती. आजारपण किंवा कुणाच्या घरची भानगड असली की आवाज पार बंद, नुसते ओठ. आईला इंग्रजी जेमतेम येत होतं. बाकीचा मोहल्ला काय बोलतो ते तिला कळायचं नाही, या आजींचं मात्र सगळं कळायचं. मागच्या अंगणाच्या भिंतीवरून दोघी तासन् तास बोलायच्या. आई इंग्रजी शिकली ती अशी, एका बहिऱ्या बाईच्या ओठांवरून.

तिनेच पुढे एक कॅसेट रेकॉर्डर घेतला आणि गल्लीतल्या म्हाताऱ्यांना बोलतं केलं. पहाटे काठीने खिडक्या वाजवून लोकांना उठवणारा माणूस. पायऱ्यांच्या कडेला घासायचा तो डाँकी स्टोन, जो भंगारवाला जुन्या चिंध्यांच्या बदल्यात द्यायचा, आपल्याकडची बोहारीण कपड्यांवर भांडी देते तसा. वेक्स वीक, म्हणजे उन्हाळ्यातला तो आठवडा, ज्यात सगळ्या गिरण्या एकदम बंद आणि सगळं गाव ब्लॅकपूलला. प्रत्येक गावाचा आठवडा वेगळा. बाबांचा दवाखाना त्या दिवसांत ओस पडायचा आणि आम्हा मुलांना रस्त्याच्या मधोमध क्रिकेट खेळता यायचं. आई गेल्यावर त्या सगळ्या कॅसेट मी लायब्ररीला दिल्या. पावती घेतली. आता उत्तर काय? ‘सदर वस्तूंची सूची झालेली नसल्याने शोध घेणे शक्य नाही.’ वस्तू! माझी आई आणि अख्खी गल्ली ‘सदर वस्तू’ झाली, आणि सूची करणारी बाई तुम्हीच आधी कमी केलीत.

हे माझं एकटीचं दुःख म्हणून बाजूला सारणार असाल, तर थांबा.

त्याच खोलीत बाबांनी रिटायर झाल्यावर १८६०च्या दशकातली वर्तमानपत्रं वाचायला घेतली. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस यायचा थांबला आणि लँकाशायर उपाशी पडलं. तेव्हा गिरण्यांना हिंदुस्थानचा कापूस घ्यावा लागला. बाजारभावांच्या रकान्यात ‘सुरत’, ‘ढोलेरा’च्या शेजारी त्यांना ‘ऊमरावती’ आणि ‘हिंगणघाट’ दिसलं. खामगावच्या माणसाला! त्या दिवशी ते घरी आले तेव्हा आम्हाला वाटलं लॉटरी लागली. धागा आखूड, सारखा तुटायचा, म्हणून इथले कामगार तो कापूस शिव्या देत विणायचे. ‘देवा, कापूस पाठव, पण सुरतेचा नको’ अशी प्रार्थना चर्चमध्ये झाल्याची गोष्ट इथे अजून सांगतात. ज्यांना तेवढंही काम नव्हतं त्यांना १८६३चा कायदा करून रस्ते, गटारं, बागा बांधायला लावलं. रॉचडेलच्या वरच्या माळावर त्या उपाशी माणसांनी घातलेला फरसबंदी रस्ता आजही आहे. आणि मुंबईत त्याच कापसावर शेअरबाजार फुगला, १८६५ला फुटला. आमच्या वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला त्यातलं काय मिळालं, हा वेगळाच विषय, त्यावर तुम्हाला स्वतंत्र पत्र लिहीन. पण या गावाचा इतिहास आणि माझ्या बाबांच्या मुलखाचा इतिहास एकाच पानावर छापलेला होता, हे दाखवणारं ते पान आता गोदामात आहे.

क्रिकेटचंही तेच. लँकाशायर लीगच्या नियमाने प्रत्येक क्लबला एक पगारी खेळाडू. नेल्सन गावच्या क्लबकडे १९२९ पासून वेस्ट इंडीजचा लिअरी कॉन्स्टंटाइन. पुढे विनू मंकड हॅसलिंग्डनकडे, आमचे सुभाष गुप्ते रिशटनकडे. मुंबईत हजारो लोक ज्यांचा लेगस्पिन बघायला जायचे ते गुप्ते शनिवारी दुपारी इथल्या विणकरांच्या पोरांना गोलंदाजी टाकत. कुणी पन्नास काढल्या की प्रेक्षकांत पैसे गोळा करायला डबा फिरायचा. बाबा इथे आले तोवर गुप्ते निघून गेले होते. मग त्यांनी मायक्रोफिल्मवर एकेका शनिवारचे धावफलक उतरवून काढले. ते आता कुठे बघायचे? ऑनलाइन, म्हणता? वर्गणी भरा, आणि आमचं छोटं साप्ताहिक तिथे असलं तर नशीब. १९२१ची जनगणना २०२२मध्ये खुली झाली तेव्हा एक पान बघायला साडेतीन पौंड मागितले गेले. सरकारने गावाच्या आजोबा-पणजोबांना फुकटात मोजलं आणि गावालाच विकलं.

जनगणनेचं निघालंच आहे तर ऐका. १९३१ची सगळी कागदपत्रं १९४२च्या डिसेंबरात लंडनजवळच्या हेझच्या गोदामात आगीत जळाली. जर्मन बॉम्बने नव्हे, आपल्याच गोदामात. १९४१ला युद्धामुळे मोजणी झालीच नाही. १९५१ची उघडेल २०५२ साली, तेव्हा मी असले तर नव्वदी ओलांडलेली असेन. म्हणजे १९२१ आणि १९५१ या तीस वर्षांत एखाद्या साध्या विणकराचा माग काढायचा, तर युद्ध सुरू होताच केलेलं १९३९चं लोकसंख्येचं रजिस्टर सोडल्यास उरतात मुख्यतः गावच्या खोलीतली वर्तमानपत्रं, रजिस्टरं आणि वह्या. गोदामाने एकदा काय केलं ते माहीत असलेल्या देशाने पुन्हा गोदामावर भरवसा ठेवावा?

आणि हे तुमचं काम नाही, कौन्सिलचं आहे, असं सांगू नका. १९६४चा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा मी वाचला आहे. ‘सर्वसमावेशक आणि कार्यक्षम’ सेवा देणं हे कौन्सिलचं कर्तव्य, आणि कौन्सिल ते करते की नाही यावर देखरेख ठेवणं हे मंत्र्याचं. चौकशी लावायचा अधिकारही त्याच कायद्यात. २००९मध्ये लिव्हरपूलजवळच्या विरलला ११ लायब्ऱ्या बंद करायचा घाट घातला होता. चौकशी लागली, अहवाल छापून येण्याआधीच कौन्सिलला बेत मागे घ्यावा लागला, आणि निष्कर्षही तिच्या विरोधात गेला. म्हणजे हत्यार आहे आणि ते चालतं. मग त्यानंतर ते कपाटात का? २०१० पासून देशात आठशेच्या आसपास लायब्ऱ्या बंद झाल्या असं छापून येतं. आकडा चुकीचा असेल तर बरोबर आकडा तुम्ही छापा, मी जाहीर माफी मागेन.

पैसा नाही, हे पुढचं वाक्य. तेही पाठ आहे. बर्मिंगहॅमने २०१३मध्ये जवळपास १९ कोटी पौंडांची झगमगीत लायब्ररी उभी केली, मलालाच्या हस्ते उद्घाटन केलं, आणि दोन वर्षांत तिचे उघडे तास जवळजवळ निम्म्यावर आणले. २०२३मध्ये कौन्सिलनेच हात वर केले. इमारतीला पैसा असतो, फीत कापायला असतो, सूची करणाऱ्या बाईच्या पगाराला नसतो. दोन्ही पक्षांची राज्यं पाहिली, या बाबतीत कुणी कुणापेक्षा मागे नाही.

वर तुमचं राज्य इतिहासाचं प्रेम शिकवतं कुणाला? नव्याने येणाऱ्यांना! नागरिकत्व हवं असेल तर पन्नास पौंड भरा, चोवीस प्रश्नांची परीक्षा द्या, आठव्या हेन्रीच्या बायका पाठ करा. माझ्या भाच्याने दिली, पास झाला. त्याला सहा राण्या माहीत आहेत. तो राहतो त्या घराच्या जागी कोणती गिरणी होती, हे त्याला कळायची सोय तुम्ही बंद केलीत. निवडणुका आल्या की मात्र ‘स्थानिक अभिमान’ आणि ‘आपली गावं’. १९७४ला सीमा बदलून लँकाशायरच्या लाखो लोकांना रातोरात ग्रेटर मँचेस्टरमध्ये टाकलं, तेव्हापासून या लोकांची हीच तक्रार आहे की लंडनला आम्ही नकाशावरची रेघ वाटतो. तेव्हा मी तेरा वर्षांची होते आणि शेजारच्या आजी ओठांनी काय म्हणाल्या होत्या ते इथे छापण्यासारखं नाही. मला वाटायचं, हे त्यांचं भांडण, आमचं नाही. आज पन्नास वर्षांनी कळतंय की गावाची कागदपत्रं गेली तर सगळ्यात आधी आम्ही पुसले जातो. त्यांची नावं चर्चच्या भिंतीवर आहेत, युद्धस्मारकावर आहेत, थडग्यांवर आहेत. आमची फक्त त्या खोलीत होती: दवाखान्याच्या दारासमोर बाबांचा फोटो, शाळेच्या नाटकात मेंढी झालेली मी, कॅसेटवर आईचा प्रश्न आणि आजींचं उत्तर.

मागणं फार नाही. संग्रह कुठे ठेवला आहे ते लेखी जाहीर करायला लावा. कोरड्या जागेत आहे की गळक्या, ते कुणीतरी जाऊन बघू द्या. सूची होईपर्यंत एकही खोकं विकू, वाटू किंवा फेकू नये, असा आदेश द्या. आणि १९६४च्या कायद्याखाली चौकशी लावा. नसेल लावायची तर का नाही, ते सहीनिशी कळवा. ‘पर्याय तपासले जात आहेत’ हे वाक्य नको.

उत्तर इंग्रजीत चालेल. माझा पत्ता कौन्सिलकडे आहे, कौन्सिल टॅक्सचं बिल त्यावर बिनचूक येतं.

आपली,
लँकाशायरमधली एक करदाती