टाळेबंदीत सापडलेले रस्ते रुंद करू नका: सार्वजनिक बांधकाम मंत्र्यांना खुले पत्र

माननीय सार्वजनिक बांधकाम मंत्री,
गोवा राज्य, पर्वरी

सादर नमस्कार.

आपल्याकडे येणाऱ्या बहुतेक निवेदनांत रस्ता रुंद करा, हॉटमिक्स घाला, अशीच मागणी असणार. माझी मागणी उलट आहे. डिचोली तालुक्यातले काही अरुंद रस्ते आहेत तेवढेच अरुंद राहू द्या आणि सायकलचे रस्ते म्हणून त्यांची आपल्या दफ्तरी नोंद करा.

हे रस्ते आम्हाला 2020 मध्ये कळले. त्याआधी आम्ही सायकलवाले रविवारी पहाटेच दोडामार्गची सीमा ओलांडून महाराष्ट्रात जायचो, कुणी साखळी-केरी करत चोर्ला घाट चढायचे. मार्चमध्ये टाळेबंदी लागली, राज्याच्या सीमा बंद झाल्या. काही गावांनी तर वेशीवरच फांद्या आणि पिंपे आडवी टाकली. मे महिन्यात थोडी सवलत मिळाली, तीही संध्याकाळी सात ते सकाळी सात घरात राहण्याच्या अटीवर. लांबचा पल्ला संपला. तेव्हा तालुक्यातच, इतकी वर्षे ज्या वळणांवरून सरळ पुढे जात होतो, तिथे वळून पाहू लागलो.

मयेच्या तळ्यापर्यंतचा रस्ता सगळ्यांनाच ठाऊक आहे. तळ्याला मागे टाकून वाड्यावाड्यांतून नार्व्याला उतरणारा रस्ता मात्र आमच्यापैकी अनेकांनी प्रथमच पाहिला. छत्रपती शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये जीर्णोद्धार केलेल्या सप्तकोटेश्वराच्या दर्शनाला आम्ही नेहमी गाडीने जायचो आणि तसेच परतायचो. तिथून थोड्याच अंतरावर फेरीबोटीचा धक्का आहे आणि पलीकडे दिवाडी बेट. दुसऱ्या दिशेला चोडण: मयेकडून जमिनीवरूनच बेटावर पोचता येते, मग उजवी-डावीकडे शेते, खारफुटी आणि टोकाला 1988 मध्ये घोषित झालेले डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य. नकाशात यातले निम्मे रस्ते पुढे जाऊन संपल्यासारखे दिसतात. प्रत्यक्षात ते शेतात काम करणाऱ्याला विचारले की पुढे सरकतात. बांधावरून मानशीपर्यंत (बांधातल्या पाण्याच्या दरवाजापर्यंत) जा, तिथे सायकल उचलून घ्या, पलीकडे पुन्हा वाट आहे, असे कुणीतरी सांगायचे. तोंडाला मास्क, मध्ये शेताची रुंदी, अशा अंतरावरून मिळालेली ही माहिती कधी चुकली नाही.

या बांधांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण माझी खरी काळजी तिथेच आहे. खाजन शेती भरतीच्या पाण्यापेक्षा सखल जमिनीत होते. माती, चिरे आणि पेंढा घालून रचलेला बांध खारे पाणी अडवतो आणि मानशीची लाकडी दारे भरतीच्या दाबाने मिटतात, ओहोटीला उघडतात. पिढ्यान् पिढ्या गावाने राखलेली ही रचना आहे. बांधाच्या माथ्यावरून माणूस, गुरे आणि सायकल जाते. त्याहून जड काही पेलायला तो बांधलेलाच नाही. त्यावर काँक्रीट घालून गाडी नेण्यालायक रस्ता करा, अशी मागणी आता ठिकठिकाणी होते. शेतातून भाताची पोती बाहेर काढणाऱ्याची ती गरज मला कळते आणि तिच्यासाठी लहान वाहनापुरती सोय जरूर व्हावी. पण ट्रक शिरेल एवढी रुंदी एकदा मिळाली की पाठोपाठ भरावाची माती येते, हे गोव्यात शेतीच्या कडेला राहणाऱ्या कुणालाही वेगळे सांगायला नको. रस्त्याची रुंदी ठरते तेव्हाच त्या शेताचे पुढे काय होणार हेही बऱ्याच अंशी ठरते.

टाळेबंदीच्या त्या दिवसांत खाणपट्टाही शांत होता. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने खाणी थांबल्या होत्या. डिचोलीत 2024 पासून खाणकाम पुन्हा सुरू झाले आहे. त्यावर अवलंबून असलेल्या घरांना त्याची किती वाट पाहावी लागली हे आम्ही जवळून पाहिले आहे. मात्र खनिजाचे ट्रक धावतात त्या रस्त्यावर शाळकरी मुलाला सायकल घेऊन पाठवण्याची कुठल्याच आईबापाची हिंमत होत नाही. टाळेबंदीतल्या रिकाम्या रस्त्यांवर आमच्या वाड्यावरची मुले सायकल शिकली, काही मोठ्या बायाही शिकल्या. त्यांतल्या बऱ्याच जणांच्या सायकली आज पडवीत उभ्या आहेत. त्यांना मुख्य रस्ता टाळून शाळेला, बाजाराला नेणारा आतला रस्ता हवा. पहाटे भोंगा वाजवत पाव घेऊन येणाऱ्या पोदेरालाही तोच हवा.

केंद्र सरकारने 2020 मध्येच ‘इंडिया सायकल्स फॉर चेंज’ नावाने सायकलसाठी स्पर्धात्मक उपक्रम काढला, पण तो शहरांसाठी होता. गावांकडे कुणी वळले नाही. आम्हाला रंगवलेला वेगळा ट्रॅक नको, उद्घाटनाची कोनशिलाही नको. गटारावरची जाळी बसवताना तिच्या पट्ट्या रस्त्याला आडव्या ठेवा. उभ्या ठेवल्या की सायकलचे चाक थेट आत जाते. जलवाहिनी किंवा केबलसाठी खोदलेले चर ज्याने खोदले त्याच्याकडून पहिल्या पावसाआधी नीट बुजवून घ्या. आणि डांबराचे थरावर थर चढवताना बाजूच्या मातीची पट्टी तेवढीच उचलत चला. मागून मोठी गाडी आली की सायकलवाल्याला कडेला उतरावे लागते. तिथे वीतभर खोल पायरी असली तर तो पडतो, आणि पडतो तो गाडीच्याच बाजूला. यात खर्चापेक्षा देखरेखीची गरज जास्त आहे.

फेरीबोटी आपल्या खात्याकडे नाहीत, तरी नदी परिवहन खात्याशी एवढे बोला, की बोटीच्या एका कडेला सायकलींपुरती जागा आखून द्यावी.

आपल्या खात्याचे डिचोलीचे अभियंते आणि संबंधित पंचायतींचे पंच यांनी एका सकाळी मये, नार्वे, पिळगाव, चोडण हे रस्ते आमच्याबरोबर सायकलने पाहावेत, अशी विनंती आहे. वाट आम्ही दाखवू, सायकलीही आणू. या भागातल्या कुठल्याही रस्त्याच्या रुंदीकरणाची पुढची निविदा निघेल ती या पाहणीनंतरच निघावी.

आपला,
डिचोली तालुक्यातील एक सायकलस्वार