गेटवरच्या तीन दिवसांचा पगार कोण देणार?

मा. संपादक,
स. न.

ट्रक ड्रायव्हरांच्या टंचाईवरचा कालच्या अंकातला लेख रात्री नागपूरजवळच्या वाडीत गाडी लावल्यावर दोनदा वाचला. गाड्या उभ्या आहेत आणि चालवायला पोरं मिळत नाहीत, हे खरं आहे. हा विषय तुम्ही घेतला याबद्दल आभार. पण लेखात पगाराचा महिन्याचा आकडा छापला आणि काम म्हणून फक्त गाडी चालवणं धरलं, तिथे चुकलं. मी तेवीस वर्षं हेवी गाडी चालवतो. महिन्यातले कितीतरी दिवस आम्ही माल भरायला-उतरवायला कारखान्यांच्या गेटवर उभे असतो. त्या दिवसांचे पैसे आम्हाला मिळत नाहीत.

मला महिना १४ हजार आणि किलोमीटरमागे ३ रुपये भत्ता आहे. चाक थांबलं की भत्ता थांबतो. जेवण, चहा, अंघोळीचं पाणी मात्र रोज लागतं, तेही विकत. माल मागवणाऱ्या पार्टीने हॉल्टिंग, म्हणजे गाडी अडकवून ठेवल्याचे पैसे, दिलंच तर ते मालकाकडे जमा होतं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. धुळ्याहून मक्याच्या स्टार्चची ४०० पोती भरून पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या एका कारखान्यावर आलो. गेटवर चिठ्ठी मिळाली, नंबर १७. पोळ्याच्या सकाळी सिक्युरिटीवाला म्हणाला, तुमचा नंबर येतोय, ताडपत्री सोडून ठेवा. सोबत क्लीनर नाही. आता कोणी देतच नाही. एकट्याने दोर सोडले, ताडपत्री गुंडाळली. तासाभरात हमाल सणाला घरी निघून गेले आणि पाऊस आला. पावसात चढून पुन्हा ताडपत्री ओढली. भिजलेल्या दोराची गाठ आवळताना हाताची सालं निघाली, तरी मागच्या थरातली सहा पोती भिजलीच.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, म्हणजे लहान पोरांचा पोळा. नागपुरात मारबतीच्या मिरवणुकीचा दिवस, हमाल कुठून येणार? माझं घर वाडीला, तिथून जेमतेम तीस किलोमीटर. माझा पोट्टा तेव्हा सात वर्षांचा होता. लाकडी नंदीबैल झुली-माळा घालून सजवून ठेवला होता आणि बाबा आल्याशिवाय घरोघरी बोजारा (पोरांना मिळणारे पैसे-खाऊ) मागायला जाणार नाही म्हणून ओट्यावर बसून राहिला. मी फोनवर दर दोन तासांनी 'निघतोच' सांगत होतो. गाडी सोडून जाता येत नाही. नंबर पुकारला आणि ड्रायव्हर नसला तर चिठ्ठी रद्द, पुन्हा शेवटून रांग. शेवटी त्याची आई त्याला अंधार पडल्यावर दोन घरी नेऊन आली.

गाडी तिसऱ्या दिवशी संध्याकाळी खाली झाली. तोवर ई-वे बिलाची, म्हणजे माल नेण्याच्या जीएसटीच्या परवान्याची, मुदत संपत आली होती. दोनशे किलोमीटरला एक दिवस या हिशेबाने ती मिळते, गेटवर किती दिवस जातील ते त्यात धरलेलं नसतं. मुदत वाढवून घ्यायला ट्रान्सपोर्टवाल्याच्या मागे फोन करत बसलो ते मीच. आणि महिन्याच्या हिशेबात भिजलेल्या सहा पोत्यांची शॉर्टेज (नुकसानभरपाई) माझ्या पगारातून कापली. ताडपत्री कोणाच्या सांगण्यावरून सोडली, हे कोणी विचारलं नाही.

१९६१ साली झालेल्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास आणि सलग ५ तासांनंतर अर्धा तास विश्रांती लिहिली होती. गेटवरच्या त्या तीन दिवसांचे तास कोणी मोजले?

लेखात म्हटलंय की लायसन्स काढलं की नोकरी तयार. ट्रान्सपोर्ट लायसन्सला २० वर्षं वय लागतं, आधी वर्षभर हलक्या वाहनाचं लायसन्स, डॉक्टरचं सर्टिफिकेट, आणि दर पाच वर्षांनी रिन्यू. हे सगळं करून पोरगं येतं आणि पहिल्या सहा महिन्यांत अशा दोन-चार गेटवर बसून परत जातं. माझा भाचा असाच गेला, आता हिंगण्याला कंपनीत आहे. पैसे कमी मिळतात, पण रोज रात्री घरी जेवतो.

एसी केबिनचं कौतुक केलंत. २०२५ पासून नव्या हेवी ट्रकांना ती सक्तीची झाली, चांगलंच झालं. पण एसी चालवायला इंजिन चालू ठेवावं लागतं. मालक डिझेलचा ॲव्हरेज बघतो. मे महिन्यात नागपूरच्या उन्हात गेटवर उभ्या गाडीचं इंजिन कोण चालू ठेवू देणार? समृद्धी महामार्ग झाल्यापासून मुंबईकडची फेरी लवकर होते, तो वाचलेला वेळही गेटवरच जातो. कारखान्यांना एवढंच सांगा: चिठ्ठीवर वेळ टाका, ठरलेल्या तासांनंतरचं हॉल्टिंग ड्रायव्हरच्या खात्यात द्या, आणि गेटबाहेर एक संडास बांधा. त्या तीन दिवसांत आम्ही सतरा-अठरा ड्रायव्हर बाभळीमागे जात होतो.

जाता जाता आणखी एक. अपघाताच्या बातमीत तुम्ही दरवेळी 'ट्रकचालक फरार' छापता. जमाव मारायला धावतो म्हणून माणूस पळतो. त्यातले बरेच जण पुढच्या ठाण्यात स्वतः हजर होतात, ते मात्र दुसऱ्या दिवशी छापत नाही. तेही छापत जा.

नाव छापू नये. याच मालकाकडे अजून नोकरी करतो.

आपला वाचक,
एक ट्रक ड्रायव्हर, वाडी, नागपूर