देवबागच्या तांडेल काकांना, बेळगावच्या दोघींकडून

काका, नमस्कार. फोन केला की तुम्ही "बरा बरा, ठेव आता" म्हणून बोलणं संपवता, आभार मानूच देत नाही, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय, तुमच्या लेकीला सांगून ठेवलंय, ती वाचून दाखवेल.

आम्ही दोघी बेळगावकडच्या, माझी मैत्रीण शहरातली आणि मी खानापूर तालुक्यातली. आम्हाला पाऊस कळतो, जंगल कळतं, मलप्रभेचं पाणी चढायला लागलं की घरातली म्हातारी माणसं रंगावरून सांगतात वर किती पडलाय ते. समुद्र मात्र कळत नाही. आणि तुमच्याकडे, मालवणजवळ देवबागला आठवडाभर राहायला यायचं ठरलं तेव्हा घरात पहिला विषय निघाला तो मालवणच्या वायरी किनाऱ्याचा. एप्रिल 2017 मध्ये बेळगावच्या इंजिनीअरिंग कॉलेजच्या सहलीतले 8 जण तिथं बुडाले, ते दुःख आमच्याकडे अजून ताजं आहे, मालवण म्हटलं की आया आधी गप्प होतात. माझी आई पण गप्पच झाली. तरी शेवटी जा म्हणाली, आणि आम्ही शिनोळीवरून आंबोली उतरून सावंतवाडी करत स्कूटरवर तुमच्या दारात आलो.

तुम्ही केए 22 ची नंबरप्लेट बघितली, "बेळगाव काय?" एवढंच विचारलंत आणि बोटीचं, पैशाचं काही न बोलता आधी आम्हाला किनाऱ्यावर नेलंत. बॅगा पण उतरवल्या नव्हत्या ओ आम्ही! त्या अर्ध्या तासासाठी हे पत्र आहे खरं तर. तुम्ही वाळूत उभं राहून बोटानं दाखवलंत की इथं लाटा फुटतात, पांढरा फेस दिसतोय, आणि बाजूला ती पट्टी बघा, तिथं लाट फुटत नाही, पाणी गुळगुळीत दिसतं, जरा काळपट, आणि फेस किनाऱ्याकडे यायचं सोडून आत चाललाय. नवीन माणसाला वाटतं इथंच पाणी शांत आहे, इथंच उतरूया, आणि तिथंच ओढ असते. लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेलं सगळं पाणी त्या पट्टीतून परत आत जातं. सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झटापट करायची नाही, दमून जाल, किनाऱ्याला धरून आडवं पोहायचं, ती पट्टी अरुंद असते, तिच्यातून बाहेर पडलं की लाटाच तुम्हाला परत आणतात, आणि पोहायला येत नसेल तर नुसतं तरंगत राहायचं आणि हात वर करायचा. हे आम्हाला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं, कॉलेजात नव्हतं, ट्रिपला नेणाऱ्यांनी पण कधी नाही. तुम्ही सांगितलंत, आणि रोज सकाळी "दाखव बघू आज पट्टी खंय आसा" म्हणून परीक्षा घेतलीत.

तिथीचा हिशोब तर मी आता सगळ्यांना सांगत सुटलेय. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती पूर्ण. आम्ही होतो तेव्हा कार्तिकातली द्वादशी होती, बाराची पाऊणपट नऊ, म्हणजे नवाच्या सुमाराला भरती भरणार आणि तिथून सहा तासांनी, तीन-सव्वातीनला सुकती, म्हणजे ओहोटी. तेवढ्या हिशोबावर आम्ही दोघी मालवणला जाऊन सुकतीच्या पाण्यातून समुद्रातल्या पद्मगड किल्ल्यावर चालत गेलो आणि पाणी चढायच्या आत परत आलो. त्याच संध्याकाळी तुमच्या अंगणात तुळशीचं लग्न, काकींनी आमच्या हातात अक्षता दिल्या जणू आम्ही घरातल्याच.

स्कूबा केलं, सिंधुदुर्गावर गेलो, चारी बाजूंनी खारं पाणी आणि मधे दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी, ते सगळं छानच होतं, पण त्याबद्दल सगळेच सांगतात.

मला सांगायचंय ते निवतीच्या दीपगृहाकडे जायच्या दिवसाचं. पौर्णिमा जवळ आलेली, उधाणाचे दिवस, आम्ही पहाटे तयार होऊन उभ्या, ऊन पडलेलं, आकाश निळं, आणि तुम्ही म्हणालात "आज होडी जावची नाय." वारा नव्हता, पण लांबून येणाऱ्या लाटेचा फुगवटा तुम्हाला पटला नव्हता. माझी मैत्रीण लई नाराज झाली, दुसरे बोटवाले न्यायला तयार होते, आणि तुमचा दिवसाचा धंदा बुडत होता हे आम्हाला दिसत होतं. तरी तुम्ही हललाच नाही. उलट कयाक काढून आम्हाला कर्ली खाडीत नेलंत, पैसे पण घेतले नाहीत. देवबागची ती अरुंद पट्टी, एका अंगाला समुद्राचा आवाज आणि दुसऱ्या अंगाला खाडीचं संथ पाणी, कांदळवनाची मुळं चिखलातून वर आलेली, तुम्ही म्हणालात झाड त्यातनं श्वास घेतं. माझी मैत्रीण पहिल्या दिवशी गुडघाभर पाण्यात थरथरत होती ती तिथं जॅकेट घालून स्वतः पाण्यात उतरली आणि पाठीवर तरंगली. मी रडले थोडी, तुम्ही बघितलं नाही असं केलंत.

ती आता नोकरीला लांब जाणारे, परत असा आठवडा कधी मिळेल काय माहीत. तो तुमच्यामुळे असा मिळाला. गिऱ्हाईकाला नाही म्हणायला पोट भरलेलं असावं लागतं असं लोक म्हणतात, तुमचा तर सीझन नुकताच सुरू झाला होता, मागचे पावसाळ्याचे महिने होडी वरच ओढलेली, आणि तरी तुम्ही आम्हा परक्या पोरींसाठी नाही म्हणालात.

आईला सगळं सांगितलंय, त्या पट्टीचं तर वाळूच्या ऐवजी अंगणात खडूनं काढून दाखवलं. मे महिन्यात ती आणि मावशी येणार म्हणतात, आई स्वतःहून म्हणाली. दोन खोल्या ठेवा की काका, आणि काकींना सांगा तिरफळं घातलेला बांगडा पाहिजेच. कुंदा आणतोच आम्ही बेळगावचा.

तुमच्या,
बेळगावच्या दोघी